वायव्य कोपऱ्यातली दोरी

घर ताब्यात घेताना किल्ल्यांचा जुडगा मिळाला, पण त्यात गच्चीची किल्ली नव्हती. काकांनी, म्हणजे ज्यांच्याकडून आम्ही घर घेतलं त्यांनी, आधी स्वतःचे खिसे चाचपले आणि मग काकूंकडे पाहिलं. काकूंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून ती काढली. निळ्या सुतळीत ओवलेली, दात झिजून गुळगुळीत झालेली. "जरा वर उचलून फिरवायची, मग लागते," एवढंच म्हणाल्या आणि सुतळीसकट माझ्या हातात दिली.

सोळा वर्षं भाड्याच्या घरांत काढलेल्या माणसाला गच्ची म्हणजे काय असते, हे ज्यांनी तशी काढली आहेत त्यांना सांगायला नको. गच्ची घरमालकाची. तिला कुलूप, किल्ली त्यांच्या खुंटीला, आणि मागायला गेलं की "कशाला हवीय?" हा प्रश्न. त्यामुळे स्वतःच्या घरात पहिल्या संध्याकाळी आम्ही खोकी न उघडता आधी वर गेलो. किल्ली उचलून फिरवली. लागली.

चौकोनी, रुंद, मोकळी गच्ची. नैऋत्येच्या कोपऱ्यात जिन्याची खोली आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. बाकी काही नाही. फक्त पार समोरच्या वायव्य कोपऱ्यात उत्तरेच्या कठड्यात एक लोखंडी हूक, पश्चिमेच्या कठड्यात दुसरा, आणि दोघांमध्ये ताणलेली कपडे वाळत घालायची दोरी. कोपरा कापून गेलेली, तिरकी, जेमतेम आठ-नऊ फुटांची. "एवढं मैदान सोडून कोपऱ्यात का बांधली असेल?" बायको म्हणाली. आम्ही हसलो. जुन्या माणसांच्या एकेक सवयी.

सोलरचं डोक्यात आलं ते घराच्या चौथ्या महिन्यात. नव्या घरमालकाचा पहिला काळ कसा जातो? गळणारा नळ, न लागणारं दार, फुगलेली चौकट. रोज काहीतरी आपल्याकडे पैसे मागत असतं. आधी "मालकांना सांगा" म्हणून मोकळं होता यायचं, आता मालक आरशात दिसतो. या सगळ्यात एकच वस्तू अशी दिसली की जी लावल्यावर उलट काहीतरी देईन म्हणते. त्यातून गच्ची रिकामी. रिकामी मालमत्ता बघवत नाही, हा मालकीचा पहिला रोग मला लागला होता.

बाबांचं मत वेगळं. "आधी एक वर्ष राहा रे. सगळे ऋतू बघ. घर कळू दे."

"बाबा, त्यात कळायचं काय आहे? ऊन सगळीकडे सारखंच पडतं."

हे वाक्य मी बोललो, आणि बाबांनी ते विसरावं अशी माझी फार इच्छा आहे.

गंमत बघा. घराचं कर्ज वीस वर्षांचं. पॅनलवर हमी पंचवीस वर्षांची: दरवर्षी जेमतेम अर्धा टक्का क्षमता घटणार आणि पंचवीस वर्षांनंतरही मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या वर वीज देत राहणार. म्हणजे कर्ज फिटेल तेव्हाही वरची काच आणखी पाच वर्षं हमीत. आणि मी हे ठरवत होतो अशा घराबद्दल, ज्याचे दिव्याचे स्विच मला अजून अंधारात सापडत नव्हते.

पहिली अडचण उन्हाची नव्हतीच, नावाची निघाली. विजेचा मीटर अजून काकांच्या नावावर. घर खरेदी झालं की आपोआप सगळं आपल्या नावावर होतं, असा माझा भाबडा समज होता. सोलरचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्यालाच करता येतो, आणि मीटरवर माझं नाव चढवायला जुन्या मालकाची सही मागितली. काकांना दोनदा फोन केला. त्यांनी तक्रार न करता सही दिली. पहिल्या वर्षात सोलर लावू बघणाऱ्या कुणालाही मी पॅनलच्या आधी हेच सांगेन: मीटर कुणाच्या नावावर आहे ते आज बघा.

मग सर्व्हे. मे महिना, सकाळचे अकरा. एक तरुण मुलगा फूटपट्टीच्या डबीसारखं यंत्र आणि फोनमधलं होकायंत्र घेऊन आला. वीस मिनिटांत गच्ची मोजली, चार फोटो काढले. "एकदम मोकळी गच्ची आहे साहेब. शॅडो इश्यू नाही." उत्तर गोलार्धात पॅनलचं तोंड दक्षिणेला ठेवतात आणि उतार साधारण तिथल्या अक्षांशाएवढा, हे त्यानं समजावलं. सहा पॅनल, तीन-तीनच्या दोन रांगा, गच्चीच्या पूर्वेच्या अंगाला. "पूर्वेला का?" मी विचारलं. "इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी, खाली पूर्वेच्या भिंतीला येतोय ना. केबल कमी लागेल."

मी नुसतं त्याच्या शब्दावर राहिलो नाही, हे नोंदवून ठेवतो. त्याच रविवारी मी खडूचा डबा घेऊन वर गेलो आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला जिन्याच्या खोलीची सावली जमिनीवर आखली. प्रत्येक रेघेशेजारी वेळ लिहिली. दुपारच्या रेघा खोलीच्या पायाशी गोळा झाल्या. चारच्या, पाचच्या, सहाच्या रेघा दक्षिणेच्या कठड्याकडे झुकत बाहेर निघून गेल्या. पॅनलच्या जागेवर एकही रेघ नाही. खाली येऊन मी बाबांना फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अक्षर सुधारलंय तुझं."

पॅनल आले त्या दिवशी मी सुट्टी घेतली. एकेक पॅनल सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून जरा जास्त रुंद आणि अठ्ठावीस-तीस किलोचा. दोघं जण तो जिन्यातून वळवताना भिंतीला घासू नये म्हणून मी उगाच "सावकाश, सावकाश" करत होतो. प्रत्येकाची क्षमता ५४० वॉट. हा आकडा प्रयोगशाळेतला: दर चौरस मीटरवर १००० वॉट प्रकाश आणि सेलचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज करणाऱ्या एकेका तुकड्याचं, तापमान २५ अंश सेल्सिअस असेल तेव्हाचा. म्हणजे त्यावर पडणाऱ्या प्रकाशातला साधारण पाचवा हिस्सा वीज होतो, उरलेला बहुतेक उष्णता होऊन जातो. मला आधी हे फारच कमी वाटलं. मग वाचलं की १८३९ साली एडमंड बेकरेल या एकोणीस वर्षांच्या पोरानं वडिलांच्या प्रयोगशाळेत प्रकाशातून वीज निघते हे पहिल्यांदा पाहिलं, त्यानंतर अर्धशतक उलटत आलं तेव्हा सेलेनियमचे पहिले सेल तयार झाले, आणि तेही जेमतेम एक टक्का प्रकाश वापरत होते. १९५४ साली अमेरिकेत बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा सेल सहा टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा तो जगाला दाखवताना त्यावर खेळण्यातला आकाशपाळणा फिरवला होता. चॅपिनच्या डोक्यात मुळात प्रश्न होता दमट, उष्ण भागातल्या टेलिफोनचा, कारण तिथे बॅटऱ्या लवकर खराब व्हायच्या. एका कुरकुरणाऱ्या बॅटरीपासून निघालेली गोष्ट माझ्या जिन्यात भिंतीला घासत वर चालली होती.

वर गेल्यावर पहिला वाद भोकांचा. फ्रेमचे पाय स्लॅबला ड्रिल करून बोल्ट मारायचे, असं ठरलेलं. बाबा जिन्याच्या दारात उभे राहिले. "गच्चीला भोक पाडायचं नाही." मला ते त्या वेळी हट्टी वाटले. पण त्यांच्या बाजूनं एक दाखला आहेच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७९ साली व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारे ३२ सोलर पॅनल बसवले. १९८६ मध्ये छपराची दुरुस्ती निघाली म्हणून ते खाली उतरवले, आणि ते पुन्हा वर चढले नाहीत. राजकारण त्यात होतंच, पण निमित्त छपराचं. पंचवीस वर्षांची वस्तू ज्याच्यावर ठेवायची, त्या छपराचं वय आधी विचारावं. आमचा स्लॅब किती पाणी सोसतो हे आम्हाला कुठे माहीत होतं? अजून एकही पावसाळा आम्ही त्याच्याखाली काढलेला नव्हता. शेवटी पायांखाली काँक्रीटचे जड ठोकळे ओतायचं ठरलं. वारा पॅनलच्या खाली शिरला की तो शिडासारखा वर उचलला जातो, त्यामुळे ठोकळ्यांचं वजन अंदाजानं ठरवून चालत नाही. काम चार दिवस लांबलं. बाबा खूष.

दुसरी गोष्ट वाद न होता घडली. तो सर्व्हेवाला मुलगा ग्राइंडर हातात घेऊन वायव्य कोपऱ्यात उभा होता. "साहेब, हे हूक काढू का? सामान फिरवताना कपड्यांत अडकतायत."

"काढ," मी म्हणालो.

ठिणग्या उडाल्या. दोन मिनिटांत दोन्ही हूक भिंतीलगत सपाट झाले. दोरी गुंडाळून त्यानं माझ्या हातात दिली, मी ती टाकीखाली टाकली.

सुरू झाल्यावरचे पहिले आठवडे मी कुठल्याही नव्या बापासारखा वागलो. इन्व्हर्टरचं ॲप दिवसातून पन्नासदा उघडायचो. सकाळी सहा-सातच्या दरम्यान आलेख जमिनीवरून मान वर काढतो, बारा-साडेबाराला डोंगर होतो, संध्याकाळी उतरतो. एखादा ढग गेला की आलेखात दात पडतो. ऑफिसात बसून मला कळायचं की आत्ता घरावरून ढग गेला. बायकोला फोन करून सांगितलंही एकदा. ती म्हणाली, "मी खिडकीत आहे. मला दिसला."

पहिला धक्का उन्हाळ्यातच बसला. भाजून काढणारं ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि त्या दिवशीची वीज अपेक्षेपेक्षा कमी. काहीतरी बिघडलंय म्हणून मी फोन लावला. बिघडलेलं काही नव्हतं. सिलिकॉनला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. सेल जितका तापतो तितका त्याचा व्होल्टेज उतरतो, दर अंशामागे क्षमता साधारण एक-तृतीयांश टक्क्यानं घटते. भर उन्हात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापला तर २५ अंशांच्या हिशेबापेक्षा तेरा-चौदा टक्के वीज तिथेच गेली. आमच्या घरातला पहिल्या वर्षाचा विक्रमी दिवस आला तो पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. काच धुतलेली, आकाश निळं, अंगावर काटा येईल असा गार वारा. त्या दिवशी सतरा युनिट. ढगांनी दाटलेल्या एका दिवशी तीन. यातला कुठलाच दिवस "सरासरी" नसतो, आणि विकणारा माणूस तुम्हाला नेहमी सरासरीच सांगतो.

दुसरा धक्का जास्त लागला, कारण तो लोकांसमोर बसला. भर दुपारी गल्लीतली वीज गेली. मी ऐटीत बाहेर आलो, आणि मागे वळून बघतो तर आमचाही पंखा थांबलेला. डोक्यावर लख्ख सूर्य, गच्चीवर सहा पॅनल, आणि घरात अंधार. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "तुमच्याकडे सोलर आहे ना?" त्या "ना"वरचा जोर मला अजून ऐकू येतो.

कारण समजल्यावर राग गेला. बॅटरी नसलेला असा इन्व्हर्टर स्वतःच्या तालावर चालत नाही. तो बाहेरून येणाऱ्या विजेच्या लहरीला लहर मिळवून चालतो. बाहेरची लहर थांबली की यानं एका क्षणात गप्प बसायचं, हा नियमच आहे. कारण तारेवर काम करायला चढलेल्या माणसाला वाटत असतं की लाइन मेलेली आहे, आणि माझ्या गच्चीवरून तीत जीव सोडला तर तो मरेल. वीज आल्यावरही इन्व्हर्टर काही वेळ नुसता ऐकत थांबतो, लहर स्थिर आहे याची खात्री करून घेतो आणि मग सुरू होतो. मला हे फार आवडलं. पण कुंपणावरून एवढं सगळं समजावता येत नाही. "बॅटरी नाही बसवली," म्हणून मी आत आलो.

बाबांचा प्रश्न टिकण्याचा होता. मी त्यांना व्हॅन्गार्ड-१ ची गोष्ट सांगितली. १९५८ साली सोडलेला छोटासा उपग्रह, सोलर सेल घेऊन अवकाशात गेलेला पहिला. त्यातला बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही महिन्यांत संपला, सोलरवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. उपग्रह गप्प झाला तरी अजून पृथ्वीभोवती फिरतोच आहे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वरच्या पॅनलकडे बोट केलं. "तिथे कबुतरं नसतात." मी बादली आणि मऊ फडका घेऊन वर गेलो. (ही धुलाई भल्या पहाटे करायची. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, आणि घासायला खरखरीत काही घ्यायचं नाही. कबुतराची एक शिंतोडी म्हणजे किरकोळ घाण नव्हे. झाकलेला सेल वीज करायची सोडून इतरांची वीज खाऊन तापतो.)

घरातलं वेळापत्रक मात्र हळूहळू सूर्याच्या हातात गेलं. सकाळी सातला लागणारं वॉशिंग मशीन दुपारी बाराला लागायला लागलं. इस्त्री, पाण्याची मोटर, मिक्सर, सगळं अकरा ते दोनच्या मध्ये. जास्तीची वीज बाहेर जाते, मीटर तिची वेगळी नोंद ठेवतो आणि हिशेब होतो, पण त्या देवाणघेवाणीचे नियम जागोजागी वेगळे असतात आणि बदलतातही. स्वतःच्या छपरावर झालेली वीज स्वतःच त्याच वेळी वापरणं, हा एकच हिशेब कुणी बदलू शकत नाही. बायकोचं म्हणणं होतं की मी घराचं रेल्वे स्टेशन केलंय. पण तिनंही मशीन बाराला लावायला सुरुवात केली होती, हे मी पाहिलं होतं.

मग डिसेंबर आला.

आधी आलेखात दिसलं. डोंगराचा उतार नेहमी गुळगुळीत असायचा. आता साडेतीनच्या सुमारास तो एकदम पायरी उतरायचा, जणू कुणी डोंगर करवतीनं कापलाय. एक दिवस ढग असेल. दोन दिवस योगायोग असेल. सहाव्या दिवशीही तीच पायरी, तीच वेळ. शनिवारी मी तीनलाच वर जाऊन बसलो.

सावली आली. जिन्याच्या खोलीची आणि तिच्या डोक्यावरच्या टाकीची, एकत्र, लांबच लांब. मी खडूनं जिथे एकही रेघ मारली नव्हती तिथून ती सरळ ईशान्येकडे सरकत होती. आधी मागच्या रांगेतल्या एका पॅनलचा खालचा कोपरा काळा झाला, मग काठ, मग हळूहळू शेजारचा. टाकीच्या झाकणाची गोल सावली काचेवर बसलेली स्पष्ट दिसत होती. मेमधल्या माझ्या सगळ्या रेघा कधीच्या पावसात धुऊन गेल्या होत्या.

शाळेतला भूगोल तिथे, त्या ठोकळ्यावर बसून, मला पहिल्यांदा कळला. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, म्हणून उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या मध्यान्हीच्या सूर्यात सत्तेचाळीस अंशांचं अंतर. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातला सूर्य वायव्येकडे मावळतो, म्हणून नैऋत्येच्या खोलीची संध्याकाळची सावली आग्नेयेला, दक्षिणेच्या कठड्याबाहेर जाते. हिवाळ्यात तोच सूर्य नैऋत्येला, खोलीच्या बरोबर मागे मावळतो आणि सावली आडवी गच्चीभर ईशान्येकडे फेकतो. मी एका रविवारी अकरा तास सावल्या आखल्या होत्या आणि स्वतःवर खूष होतो. वर्षात बावन्न रविवार असतात.

दोन पॅनलवर सावली, मग चार तर चालतायत ना? इतकं सरळ नाही. माझे सहाही पॅनल एकामागून एक जोडलेले, सिरीजमध्ये. बांधकामावर घमेली पुढे देणारी माणसांची रांग असते ना, तसं. एकाचा हात मंदावला की सगळ्या रांगेचा वेग त्याच्याएवढा होतो. अशा वेळी पॅनलमधले बायपास डायोड मदतीला येतात: मंद माणसाला वगळून घमेलं पुढच्याच्या हातात देतात. रांग चालू राहते, पण तेवढी माणसं कमी धरून. आमच्या आलेखातली पायरी म्हणजे ही माणसं बाजूला काढली जाण्याचा क्षण.

वर्षाचा हिशेब केला तर तोटा अडीच-तीन टक्क्यांचा निघाला. शहाण्या माणसानं तो सोडून दिला असता. मला झोप येईना. बायको म्हणाली, "टाकी पाडू या? पाणी काय, कशाला लागतं आपल्याला."

त्याच आठवड्यात काकांची पत्रं द्यायला त्यांच्या नव्या फ्लॅटवर गेलो. पहिल्या वर्षात जुन्या मालकाच्या नावानं टपाल येतच राहतं. बँकेचं, विम्याचं, एका मासिकाचं. काका घरी नव्हते. काकूंनी बसवून घेतलं, नळ गळतो का अजून, पावसात मागची भिंत ओल धरते का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आणि दोरी? दोरी आहे ना अजून?"

"कुठली?" मी म्हणालो. खरं तर कळलं होतं.

"वरची रे, कोपऱ्यातली. घर बांधलं तेव्हा मी मधोमध बांधली होती, सगळे बांधतात तशी. पहिल्या हिवाळ्यात रोज कपडे दमट. चार वाजले की सावलीत. मग सरकवत सरकवत नेली. पुढच्या हिवाळ्यात आणखी थोडी. तिसऱ्या हिवाळ्यात ती जागा सापडली. बाराही महिने सूर्य बुडेपर्यंत ऊन तिथे. यांना सांगितलं तर म्हणाले, दोरीचं काय एवढं." त्या हसल्या. "आहे ना पण?"

"आहे," मी म्हणालो.

परत आल्यावर अंधारात टॉर्च घेऊन वर गेलो. कठड्यात दोन गोल ठिपके होते, रुपयाएवढे, गंज धरलेले. ग्राइंडरनं कापलेल्या हुकांची बुडं. एका ठिपक्यापाशी उभं राहून दुसऱ्याकडे पाहिलं की मधल्या तिरक्या रेषेच्या पलीकडे तो त्रिकोणी तुकडा दिसत होता, ज्याच्यासाठी कुणीतरी तीन हिवाळे खर्च केले होते. मला कुणी सर्व्हेला बोलावलं असतं तर मी त्या बाईंना पाठवलं असतं.

पुढचं थोडक्यात. तोच मुलगा पुन्हा आला, खूप कुरकुरला, जास्तीची केबल लागली, नवे ठोकळे ओतले. सावलीतले दोन पॅनल उचलून वायव्य कोपऱ्यात नेले, कठड्यापासून जरा आत, सुतळीनं मापून. पुढच्या स्वच्छ दिवशी आलेख पाहिला. पायरी गेली होती. डोंगर पुन्हा गुळगुळीत, संध्याकाळपर्यंत. मी स्क्रीनशॉट काढून बाबांना दाखवला. ते म्हणाले, "ऊन सगळीकडे सारखंच पडतं, नाही का?"

राहिली दोरी. टाकीखालून ती काढली, झटकली. पण आता बांधायची कुठे? तिच्या जागी पॅनल. मोकळी जागा राहिली ती ईशान्येची, जिथून ते दोन पॅनल उचलले होते. तिथेच दोन नवे हूक मारले. मशीन बाराला लागतं, कारण तेव्हा वीज घरची असते. दीड वाजता कपडे वर जातात. साडेतीनला सावली येते.

म्हणून या हिवाळ्यात आमच्या बैठकीतल्या खुर्च्यांच्या पाठींवर रोज रात्री टॉवेल, मोजे आणि उशांचे अभ्रे असतात आणि वर पंखा फिरत असतो, बाहेरून आलेल्या विजेवर. काल रात्री अकराला उठून मी तो एका आकड्यानं वाढवला. बाबांचा स्वेटर काखेत अजून ओला होता.